‘तुम्ही बसा, आम्ही करतो’

आपल्या घरांत पाहुण्याचे पाऊल उंबऱ्याच्या आत पडले की पहिला शब्द निघतो तो ‘बसा’. पाण्याचा तांब्या त्यानंतर, आणि चहाची विचारपूस त्याच्याही नंतर. बडोद्यासारख्या गावी शेजारच्या गुजराती घरांतूनही हेच अगत्य ‘बेसो, बेसो’ म्हणून कानी येत असते; त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना या शब्दाची दुहेरी सवय झालेली आहे. पाहुण्यांच्या खालोखाल तो वाट्याला येतो घरातील वडीलधाऱ्यांच्या. साठी उलटली की ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणते’, ‘आजी, तू बैस, मी करतो’ हे बोल दिवसातून दहा वेळा ऐकू येऊ लागतात. त्यांत माया असते, आदर असतो, आणि ज्या घरात ते ऐकू येतात ते घर भाग्यवान, असेच आपण समजतो.

वाचकहो, आज या शब्दाविषयीच आम्ही थोडी तक्रार घेऊन आलो आहोत.

प्रसंग अगदी लहान. गेल्या श्रावणातील एका सकाळी आम्ही खंडेराव मार्केटातून भाजी घेऊन घरी परतलो. एका हातात मेथी-कोथिंबीर, दुसऱ्या हातात बटाटे आणि दुधी भोपळा. दोन जिने चढून दाराशी आलो तो सूनबाईंनी दोन्ही पिशव्या जवळजवळ हिसकावूनच घेतल्या. “बाबा, लिफ्ट असताना जिन्याने आलात? आणि एवढे ओझे? या वयात तुम्हांला भाजी आणायला लावतो म्हणून लोक आम्हांला काय म्हणतील?” बोलताना तिचे डोळे भरून आले होते. तिने आम्हांला कोचावर बसवले, पंखा लावला, आणि उद्यापासून भाजी घरपोच मागवायचे जाहीर केले.

आम्ही काही बोललो नाही. बोललो नाही याचे कारण असे की, हेच वाक्य, याच प्रेमाने, काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः उच्चारले होते. आणि त्याचा परिणाम आम्ही आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

आमची अक्का आमच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिने लग्न केले नाही. मराठी शाळेत मुलींना शिकवण्यात तिची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्याचा सारा कारभार तिच्या हाती होता. वाड्याचा जिना लाकडी, उभा आणि अंधारा. अक्का तो दिवसातून आठ-दहा वेळा सहज चढे-उतरे. पहाटे परसातील फुले काढावयाची, तुळशीला पाणी घालावयाचे, मार्केटात पायी जाऊन भाजी पारखून आणावयाची, दुपारी जमिनीवर विळी मांडून ती चिरावयाची, मग उकिडवे बसून तांदूळ निवडावयाचे आणि संध्याकाळी सुरसागराच्या काठाने एक फेरी मारून यावयाचे. यांतील एकाही गोष्टीला तिने व्यायाम म्हटले नाही. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जमिनीवरून उठताना ती हात टेकीत नसे.

२०१५ सालच्या पावसाळ्यात परसातल्या ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. डॉक्टरांनी प्लास्टर घातले. सहा आठवड्यांनी हाड उत्तम जुळेल असे सांगितले, आणि ते तसे जुळलेही. पायाला काही म्हणता काही झाले नव्हते. परंतु आम्ही सारे घाबरलो. तिची खाट माडीवरून खाली आणली. जिना बंद झाला, मार्केट बंद झाले, विळी माळ्यावर गेली. आम्ही स्वतः रावपुऱ्यात जाऊन तिच्यासाठी एक मोठी, मऊ गादीची, मागे रेलता येईल अशी खुर्ची घेऊन आलो. “अक्का, आयुष्यभर राबलीस, आता बैस. आम्ही आहोत ना करायला!” पाणी हातात, जेवण हातात, पुस्तकही हातात. पहिले काही दिवस ती कुरकुरली, मग हसली, मग सवय झाली.

प्लास्टर निघाले त्या दिवशी हात मोकळा झाला. पण त्या मऊ खुर्चीतून अक्काला आपल्या बळावर उठता येईना. दोन्ही बाजूंनी धरून उठवावे लागले. उभी राहिली की पाय थरथरत, आणि थरथरतात म्हणून पडण्याची भीती, भीती म्हणून पुन्हा बसणे. आम्ही याला वार्धक्य म्हटले. अठ्ठ्याहत्तरीत दुसरे काय होणार, अशी एकमेकांची समजूत घातली. पुढच्या वर्षी ती खाटेवरून न्हाणीघरापर्यंतच्या आठ पावलांत पडली, आणि या खेपेस मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. त्यानंतर ती चालली नाही. २०१७ च्या माघात ती गेली. जाण्यापूर्वी काही दिवस, आम्ही पायांना तेल लावीत असताना ती नेहमीच्या शांतपणे म्हणाली, “अरे, माझा तर हातच मोडला होता. पाय तुम्ही घालवलेत.” तिने हे रागाने म्हटले असते तर कदाचित आम्ही विसरूनही गेलो असतो.

अक्काचे म्हणणे खरे होते काय, याचा शोध आम्ही पुढे पुष्कळ घेतला. वैद्यकातील आमची गती बेताची. पण समजले ते असे. वाढत्या वयात स्नायू झिजतात ही गोष्ट जुनीच आहे. तिच्याकडे डॉक्टरांचे लक्ष वेधावे म्हणून अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये तिला ‘सार्कोपेनिया’ असे स्वतंत्र नाव दिले. ही झीज सावकाश चालते. परंतु माणूस बसला की तिला वेग येतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात, सरासरी सदुसष्ट वर्षे वयाच्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस कमी झाले. दहा दिवसांत एक किलो! अक्काला आम्ही सहा आठवडे बसवून ठेवले होते. ती अगदी अंथरुणाला खिळलेली नव्हती हे खरे. पण हिशेब कोणत्या दिशेने जातो हे सांगावयास नको.

दुसरा प्रयोग मात्र मनाला उभारी देणारा आहे. १९९० साली बोस्टन येथील डॉ. मारिया फियाटरोन यांनी वृद्धाश्रमातील दहा अशक्त स्त्री-पुरुष घेतले. त्यांचे सरासरी वय होते नव्वद. पायांना वजन बांधल्यासारखा, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम त्यांनी आठ आठवडे केला, आणि त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरीने जवळजवळ पावणेतीनपट झाली. व्यायाम थांबवताच ती पुन्हा उतरू लागली, हेही तितकेच महत्त्वाचे. नव्वदीतल्या स्नायूलासुद्धा काम दिले तर तो शिकतो, काम काढून घेतले तर विसरतो. म्हणजे अक्काचे प्लास्टर निघाले त्या दिवशीही वेळ गेलेली नव्हती. ‘आता काय उपयोग?’ हा आमचा विचारच तेवढा चुकीचा होता.

बसणे आणि वावरणे यांतील फरक इंग्लंडच्या जेरी मॉरिस यांनी फार पूर्वी, १९५३ साली, लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दाखवून दिला होता. एकाच गाडीवर दोन नोकर. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतर करणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आढळला, कंडक्टरांत कमी. आपल्या संशोधनावर मॉरिस यांचा स्वतःचाही विश्वास असावा. कारण ते स्वतः नेमाने व्यायाम करीत राहिले आणि २००९ साली गेले तेव्हा नव्व्याण्णव वर्षांचे होते.

खरे पाहता बडोदेकरांना हे धडे लंडन-बोस्टनहून आणावे लागू नयेत. हे शहर व्यायामाचे माहेरघर. जुम्मादादांची तालीम आणि प्रो. माणिकराव यांचे नाव ठाऊक नाही असे जुने मराठी घर येथे विरळा. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड बडोद्यातूनच निघाले, आणि मल्लखांब, लेझीम, जोर-बैठका यांची चर्चा आमच्या लहानपणी ओट्याओट्यावर चाले. तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. व्यायाम म्हणजे तरुण पोरांनी लाल मातीत करावयाची गोष्ट, असेच आपण सारे समजत आलो. म्हाताऱ्या माणसाने करावयाची ती विश्रांती. स्त्रियांच्या शरीरबळाचा तर विचारच कोणी केला नाही. तो त्यांच्याकडून विहिरीने, जात्याने, विळीने आणि पाटा-वरवंट्याने परस्पर करवून घेतला.

आता ती कामे गेली. विहीर गेली हे बरेच झाले. तिच्या दोराने हातांना पडलेले घट्टे आम्ही आईच्या हातांवर पाहिले आहेत आणि जुने दिवस परत यावेत अशी आमची मुळीच इच्छा नाही. परंतु घरात झालेला एक बदल आमच्या फार उशिरा ध्यानात आला. पन्नास वर्षांत आपले सारे घर जमिनीपासून दोन-अडीच फूट वर उचलले गेले आहे. चूल गेली, ओटा आला. पाट गेले, टेबल आले. बैठक गेली, सोफा आला. भारतीय पद्धतीचा संडास गेला, कमोड आला. गुडघ्याच्या दुखण्याने बेजार झालेल्यांना कमोड हे वरदानच आहे, आणि आम्ही त्याची निंदा करणार नाही. पण या प्रत्येक सोयीबरोबर दिवसाकाठी दहा-वीस वेळा खाली बसून पुन्हा उठण्याची एक नकळत होणारी तालीमही घरातून गेली. ती कोठे गेली हे आपण विचारले नाही, आणि तिच्या जागी दुसरे काही आणलेही नाही.

जमिनीवरून उठता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, याचे एक प्रत्यंतर ब्राझीलहून आले. रिओ शहरातील डॉ. क्लॉडिओ जिल अराउजो यांनी एक्कावन्न ते ऐंशी या वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून, शक्य तितक्या कमी आधाराने, उठावयास सांगितले, आणि पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्यांना उठताना हात, गुडघे यांचा फार आधार घ्यावा लागला त्यांच्यात पुढील वर्षांतील मृत्यूचे प्रमाण पुष्कळ अधिक होते. उठबस केली की आयुष्य वाढते असा याचा सोपा अर्थ कोणी घेऊ नये. पायांतील ताकद, सांध्यांची लवचिकता आणि शरीराचा तोल या तिन्हींचे पुस्तक त्या एका कृतीत उघडे होते, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या विनोबांनी याच बडोद्यात शिक्षण घेतले आणि १९१६ साली येथूनच घर सोडले, त्यांनी भूदानासाठी पदयात्रा सुरू केली ती १९५१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी. म्हणजे ज्या वयात आमचे वडील पेन्शनीत निघाले आणि झोपाळ्यावर बसले, त्या वयात. पुढे सुमारे तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. प्रकृतीने ते काही पहिलवान नव्हते. आपण विनोबा नव्हे, हे आम्ही जाणतो. पण झोपाळा आणि पदयात्रा यांच्यामध्ये खंडेराव मार्केटपर्यंतचे अंतर आपल्यालाही झेपण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीच्या पुढच्या माणसांसाठी सांगितलेले माप असे : आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि तीन किंवा अधिक दिवस तोल सांभाळण्याचा सराव. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये इतका वेग. आपल्यांतील बहुतेक लोक पहिल्यावर थांबतात. कमाटीबागेत सकाळी दोन फेऱ्या, बाकावर गप्पा, की कर्तव्य संपले! चालणे उत्तमच आहे. पण पडू न देण्याचे काम मांड्यांची ताकद आणि तोल करतात, आणि तो अभ्यास निराळा करावा लागतो.

अक्कानंतर एका जाणत्या व्यायामोपचार तज्ज्ञाकडून आम्ही जे शिकलो ते येथे देतो. भिंतीला टेकलेली, न हलणारी, कडक बैठकीची खुर्ची घ्यावी. हात छातीशी ठेवून तीवरून सावकाश उठावे व सावकाश बसावे, दहा वेळा. जमत नसेल तर आरंभी हातांचा आधार घ्यावा आणि तो हळूहळू कमी करावा. दूध तापत असताना ओट्याला हात लावून टाचा वर उचलाव्यात. तेथेच, ओट्याला बोटे टेकवून, एका पायावर दहा अंक मोजीपर्यंत उभे राहावे, मग दुसऱ्यावर. ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांनी दिवसातून एकदा तरी खाटेच्या आधाराने जमिनीवर बसून उठावे. ज्यांच्या गुडघ्यांवर किंवा खुब्यांवर शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. छातीत दुखणे, दम लागणे, घेरी येणे असे काही झाल्यास तत्काळ थांबावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अंथरुणातून एकदम उठू नये. क्षणभर काठावर बसून मग उभे राहावे.

आणि पडल्यावर कसे उठावे हेही धडधाकट असतानाच शिकून ठेवावे. पडलो तर आधी स्वस्थ पडून राहावे व कोठे दुखते ते पाहावे. डोक्याला मार असेल, किंवा कंबर वा मांडी हलवताना तीव्र कळ येत असेल, तर हलू नये, हाक मारावी. तसे नसेल तर कुशीवर वळावे, कोपरावर रेटा देऊन गुडघे-हातांवर यावे, रांगत मजबूत खुर्चीपाशी किंवा खाटेपाशी जावे, तिच्यावर दोन्ही हात ठेवावे, बळकट पायाचे पाऊल पुढे टेकवावे, त्यावर भार देऊन उठावे आणि वळून बसावे. न्हाणीघरात धरावयास दांडी, रात्री मंद दिवा, पायांत घट्ट बसणारी चप्पल, आणि वाटेत घडी पडणारे पायपुसणे नाही, एवढी व्यवस्था मुलांनी जरूर करावी. वृद्धांच्या वाटेतील धोका काढावा. वाट मात्र काढून घेऊ नये.

तरुण वाचकांना आमचे एवढेच सांगणे. आई-वडिलांच्या हातून पिशवी घेण्यापूर्वी क्षणभर थांबा. ओझे जड असेल तर अर्धे घ्या, आणि उरलेले त्यांच्याकडे राहू देऊन बरोबरीने चाला. आजीला भाजी निवडू द्या, तिला वेळ लागला तर लागू द्या. घरातले एक तरी काम असे ठेवा की ते त्यांच्यावाचून अडेल. लोक काय म्हणतील याची भीती आम्हांलाही होती. अक्काला बसवून ठेवल्याबद्दल लोकांनी आमचे कौतुकच केले होते.

त्या श्रावणातल्या सकाळी कोचावरून आम्ही सूनबाईंना ही सारी हकिकत सांगितली. ती आमच्या घरी येण्यापूर्वीच अक्का गेलेली. खुर्चीविषयी तिला ठाऊक नव्हते. तिने ऐकून घेतले, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या खुंटीला रिकामी पिशवी अडकवलेली होती आणि आत चिठ्ठी होती : ‘पालक, भेंडी, लिंबे. बटाटे नकोत, ते मी आणीन.’

यंदा गौरीजेवणाच्या दिवशी आम्ही आग्रहाने पाटावर बसलो. जेवण झाले. उठण्याची वेळ आली तसा नातू हात पुढे करून धावला, “आजोबा, धरा!” सूनबाईंनी त्याचा खांदा हळूच मागे ओढला. “थांब रे. आजोबा उठताहेत.” आम्ही एक हात जमिनीला टेकला, दुसरा गुडघ्यावर ठेवला, पाऊल पुढे घेतले आणि उठलो. वेळ लागला. तोपर्यंत सारी पंगत थांबली होती, आणि कोणीही आम्हांला ‘बसा’ म्हटले नाही.